प्रतीक्षेचे तंत्र

कोणत्याही कचेरीत एखाद्या कामाला जो वेळ लागतो, त्यातला फार थोडा प्रत्यक्ष कामात खर्च होतो. बाकीचा वाट पाहण्यात जातो. अर्जदार खिडकीशी येतो, कारकून अर्ज वाचतो आणि जुने प्रकरण आणण्यासाठी शिपायाला दप्तरखान्यात धाडतो. अर्ज वाचण्यास एक मिनिट पुरते. प्रकरण हाती येण्यास अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात कारकुनाने काय करावे? तो हात बांधून बसला, तर रांगेतल्या प्रत्येक माणसासाठी एकेक स्वतंत्र कारकून नेमावा लागेल. उलट, अर्जावर पुढील कार्यवाहीची खूण करून त्याने तो बाजूस ठेवला आणि पुढच्या अर्जदारास बोलावले, तर एकटा कारकून शंभर जणांची कामे सांभाळू शकेल. संगणकांच्या जगात हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस निकडीचा झाला. त्याला जी उत्तरे मिळाली, त्यांपैकी नोड.जेएस या साधनाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे.

इंटरनेटवर मागणी येताच माहिती पुरवणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. मागणी आली की त्याला डिस्कवरील फाइल वाचावी लागते किंवा दुसऱ्या संगणकाला विचारावे लागते. ही कामे त्याच्या स्वतःच्या गतीच्या मानाने विलक्षण मंद असतात. नोड.जेएसच्या निर्मात्याने २००९ साली मांडलेला हिशेब असा : स्मृतीतून एखादी गोष्ट आणण्यास प्रोसेसरचे सुमारे २५० ठोके लागतात, डिस्कवरून आणण्यास ४ कोटी १० लाख आणि जाळ्यातून आणण्यास २४ कोटी. एवढे ठोके प्रोसेसर रिकामा बसला, तर त्याच्या वेगाचा उपयोग काय?

जुनी रीत प्रत्येक मागणीसाठी स्वतंत्र कारकून नेमण्याची होती. अपाची हा लोकप्रिय सर्व्हर दीर्घकाळ प्रत्येक जोडणीसाठी वेगळी प्रक्रिया किंवा वेगळा धागा, म्हणजे थ्रेड, गुंतवून ठेवीत असे. शेकड्यांची गर्दी असेपर्यंत हे निभावले. परंतु प्रत्येक धाग्याला स्मृतीची जागा लागते आणि हजारो धाग्यांमध्ये आळीपाळीने लक्ष देण्यातच यंत्राची शक्ती संपते. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एकाच सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, या प्रश्नाची चर्चा मांडली आणि ती अभियंत्यांत प्रसिद्ध झाली. पुढे २००४ साली रशियातील इगोर सिसोयेव यांचा एन्जिनएक्स हा सर्व्हर लोकांपुढे आला. काम सुरू करून देऊन, ते पुरे झाल्याची सूचना मिळेपर्यंत दुसरीकडे वळायचे, या असमकालिक पद्धतीवर तो उभा होता. तात्पर्य, कल्पना नवी नव्हती. उणीव होती ती सामान्य प्रोग्रामरला सहज हाताळता येईल अशा भाषेची.

ही भाषा अनपेक्षित दिशेने आली. नेटस्केप या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला आराखडा तयार केला. मोका, लाइव्हस्क्रिप्ट अशी नावे बदलत वर्षअखेरीस ती जावास्क्रिप्ट झाली. ब्राउझरमधील पानांत थोडे चैतन्य आणावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. नेटस्केपने ती सर्व्हरवरही वापरून पाहिली, परंतु तो प्रयोग रुजला नाही. मात्र ब्राउझरमध्ये वाढल्यामुळे तिच्या अंगी एक सवय बाणली होती. वाचक बटण केव्हा दाबील हे कोणासच ठाऊक नसते; म्हणून “बटण दाबले तर हे कर” एवढे सांगून ठेवायचे आणि मोकळे व्हायचे, हीच तिची रीत होती. २००८ च्या सप्टेंबरात गूगलने क्रोम हा ब्राउझर प्रसिद्ध केला. त्यासाठी लार्स बाक यांच्या नेतृत्वाखाली बनवलेल्या व्ही-८ या वेगवान इंजिनाची संहिताही सर्वांना खुली झाली.

याच सुमारास रायन डाल हा गणिताचा उच्च अभ्यास सोडून आलेला अमेरिकन तरुण सर्व्हरच्या प्रश्नाशी झुंजत होता. इतर भाषांत त्याने प्रयत्न करून पाहिले, पण अडचण एकच येई. त्या भाषांच्या भांडारातील तयार साधने वाट पाहत थांबणारी होती, आणि त्यांपैकी एक जरी वापरले तरी सारी रांग खोळंबे. जावास्क्रिप्टमध्ये फाइल वाचण्याची सोयच नव्हती. त्यामुळे मोडावी लागेल अशी जुनी वहिवाटही नव्हती. तिचे दारिद्र्य हीच तिची पुंजी ठरली. व्ही-८ इंजिनाला असमकालिक साधनांची जोड देऊन डालने नोड.जेएस रचले आणि ८ नोव्हेंबर २००९ रोजी बर्लिन येथील परिषदेत ते जाणकारांपुढे मांडले.

त्याची रचना कचेरीतल्या त्या दुसऱ्या कारकुनासारखी आहे. जावास्क्रिप्टची आज्ञावली एकाच धाग्यावर चालते. फाइल हवी असेल तर तशी विनंती नोंदवून ती पुढे जाते. विनंतीबरोबर दिलेले छोटे कार्य, ज्याला कॉलबॅक म्हणतात, ते उत्तर आल्यावर रांगेत लागते, आणि इव्हेंट लूप नावाचे चक्र हाती आलेली अशी कार्ये एकेक करून उरकत राहते. या व्यवस्थेची मर्यादाही उघड आहे. कारकून स्वतःच एखादा लांबलचक हिशेब करीत बसला, तर इतर सर्वांचे अर्ज पडून राहतात. जिथे प्रतीक्षा फार आणि गणित थोडे, तिथेच हे तंत्र शोभते.

यंत्राची प्रतीक्षा अशी सुटली. माणसाची अडचण मात्र वाढली. फाइल वाचावी, तिच्यावरून दुसरीकडे विचारणा करावी, आलेले उत्तर तिसरीकडे लिहावे, असे काम पडले की एका कॉलबॅकच्या पोटात दुसरा आणि दुसऱ्याच्या पोटात तिसरा लिहावा लागे. संहिता उजवीकडे सरकत जाई. चूक झाली तर ती नेहमीच्या रीतीने पकडता येत नसे, कारण चूक उद्भवेपर्यंत मूळ कार्य संपून गेलेले असे. म्हणून प्रत्येक कॉलबॅकच्या आरंभी चुकीची चौकशी करण्याचा दंडक पडला, आणि जो तो पाळण्यास विसरे त्याला तासन्‌तास शोध घ्यावा लागे.

यावरचा उपाय फार पूर्वीच सुचलेला होता. १९७६ मध्ये डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी, व पुढे १९८८ मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी प्रॉमिस, म्हणजे वचन, ही कल्पना मांडली होती. आपल्याकडील हुंडीशी तिचे साम्य आहे. रक्कम आज हाती नाही, पण कागद हाती आहे. तो पुढे देता येतो, त्यावर व्यवहार ठरवता येतात, आणि शेवटी तो वटतो किंवा न वटता परत येतो. डालने जून २००९ मध्ये ही सोय नोडमध्ये घातलीही होती. परंतु फेब्रुवारी २०१० मध्ये ती काढून टाकली. दरम्यान एनपीएम हे साधनांचे भांडार उभे राहिले आणि वाढत्या संख्येने ग्रंथालये कॉलबॅकच्या वळणानेच लिहिली गेली. एक वगळलेली सोय सगळ्या समाजाची सवय ठरवून गेली.

दुरुस्तीला वर्षे लागली. २०१२ च्या आरंभी डाल प्रकल्पाच्या सूत्रांपासून दूर झाला. २०१४ च्या अखेरीस कारभाराविषयीच्या असंतोषातून आयओ.जेएस ही वेगळी शाखा निघाली आणि २०१५ मध्ये पुन्हा मूळ प्रवाहास मिळाली. त्याच वर्षी प्रॉमिस जावास्क्रिप्टच्या प्रमाणग्रंथात आले. २०१७ मध्ये ‘असिंक’ आणि ‘अवेट’ ही शब्दजोडी नोडमध्ये प्रचारात आली. तिच्यामुळे संहिता वरून खाली सरळ वाचता येऊ लागली, आणि यंत्र मात्र मधल्या वेळात मोकळेच राहिले. २०२० पासून तर न वटलेल्या वचनाची कोणी दखल घेतली नाही, तर नोड सहसा ती आज्ञावलीच बंद पाडते. दुर्लक्षित चूक पुढे रेटण्यापेक्षा काम थांबलेले बरे, हा शहाणपणा अनुभवाने आला.

२०१८ साली डाल पुन्हा बर्लिनच्या परिषदेत उभा राहिला. या वेळी त्याच्या भाषणाचा विषय नोडविषयी वाटणाऱ्या दहा खंती हा होता, आणि प्रॉमिस काढून टाकणे ही त्यांतली पहिली होती. स्वतःच्या यशस्वी कृतीतील चुका त्याच व्यासपीठावर येऊन मोजणे ही सोपी गोष्ट नव्हे. यंत्राने रिकामे न बसता वाट कशी पाहावी, याचे उत्तर त्याला काही महिन्यांत सापडले होते. तेच उत्तर वाचणाऱ्या माणसाला सुबोध व्हावे, यासाठी त्यानंतर जवळजवळ आठ वर्षे आणि अनेकांचे श्रम खर्ची पडले. कचेरीतला कारकून कितीही चपळ असो; त्याने अर्जावर मारलेली खूण दुसऱ्याला वाचता आली पाहिजे, तरच ते प्रकरण पुढे सरकते.