छत्तीसपैकी एकदाच हल्ला: बीडच्या जनावरांचा इतिहास कुठे शोधायचा?

समजा, तुम्हाला बालाघाटच्या डोंगरात घडणारा एक खेळ चालवायचा आहे. टेबलाभोवती चार-पाच जण बसलेत, प्रत्येकाने एकेक पात्र घेतलंय. तुम्ही गेम मास्टर. म्हणजे त्या जगातल्या बाकी सगळ्यांच्या वतीने, अगदी जनावरांच्याही वतीने, तुम्हीच बोलायचं. खेळाडू म्हणतात, "आम्ही रात्री धारूरचा घाट उतरतोय." तुम्ही म्हणता, "समोर चार लांडगे." आता लांडगे काय करतील?

नवखा गेम मास्टर लगेच हल्ला करवतो. पण या खेळांचा इतिहास वेगळं सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 मध्ये आला. 1981 मध्ये टॉम मोल्डवे यांनी संपादित केलेल्या आवृत्तीत समोर आलेला प्राणी कसा वागेल याचा एक तक्ता आहे. दोन फासे टाकायचे. बेरीज 2 आली तर थेट हल्ला. 3 ते 5 म्हणजे वैरभाव, कदाचित हल्ला. 6 ते 8 म्हणजे संभ्रम. 9 ते 11 म्हणजे हल्ला नाही. 12 आले तर चक्क दोस्ती. गणित करून बघा: थेट हल्ल्याची शक्यता 36 पैकी 1, संभ्रमाची 36 पैकी 16! शिवाय धैर्याचा आकडा वेगळा. मोठ्या कळपातल्या लांडग्याचा 8, तिघे किंवा कमी असले तर 6; फाशांची बेरीज त्याहून जास्त आली की लांडगे पळणार. म्हणजे छोटा कळप 36 पैकी 21 वेळा माघार घेतो, मोठा फक्त 10 वेळा.

तुम्ही म्हणाल, खेळाचं हे पुराण इतिहासाच्या ब्लॉगवर कशाला? कारण आता मी तुम्हाला असाच तक्ता खऱ्या बीड जिल्ह्यासाठी भरायला सांगणार आहे, साधनांच्या आधाराने. आणि तिथे गाडी अडते.

दप्तरखान्यात जनावर कधी शिरतं? त्याने कुणाला मारलं की, किंवा कुणी त्याला मारलं की. इंग्रजी मुलखात हिंस्र प्राणी मारल्याबद्दल बक्षिसं मिळत. महेश रंगराजन यांच्या मांडणीनुसार 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत 80,000 हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे असे मारले गेले. (बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे हे आकडे सरळ उचलून बीडला चिकटवू नका.) पण या नोंदी कशा जन्मल्या ते बघा. लांडगा मेंढवाड्याजवळून गेला, कुत्री भुंकली, तो निघून गेला. याचं बक्षीस नाही, म्हणून नोंद नाही. आजही तेच. शेळी मेली की पंचनामा होतो, बिबट्या नुसता बांधावरून गेला तर कोण कशाला पंचनामा करेल? म्हणजे तक्त्यातली फक्त वरची एक-दोन घरं भरलेली, बाकीची कोरी. आणि कोरं घर म्हणजे 'तसं घडलंच नाही' असा अर्थ आपण नकळत लावतो.

याचे परिणाम साधे नाहीत. नोव्हेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली. शेतात जायची सोय राहिली नव्हती. डिसेंबरमध्ये शेजारच्या करमाळा तालुक्यात बिबट्याला गोळी घालावी लागली. ती भीती खरी होती, तिच्यावर शंका घेणारा इतिहासकार माझ्या मते निर्दय आहे. पण उद्या कुणी फक्त त्या दोन महिन्यांच्या बातम्यांवरून 'बीडमधला बिबट्या आणि माणूस' असा प्रबंध लिहिला, तर तो प्रत्येक वेळी 2 पडणारे फासे घेऊन बसलेला गेम मास्टर होईल.

मग कोरी घरं भरायची कशी? सगळ्यात चांगली जागा मला ऊसतोड वाटते. बीडच्या टोळ्या दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात जातात, कोप्यांत राहतात, पहाटेच्या अंधारात फडात शिरतात. बिबट्या त्याच उसात पिल्लं घालतो. तोडणीत पिल्लं सापडली, ती तिथेच ठेवली, रात्री आई येऊन घेऊन गेली, अशा घटना वारंवार घडतात. बातमीत मात्र वनविभाग असतो, कोयता हातात असलेल्या बाईचं म्हणणं नसतं. ते तुम्ही जाऊन विचारा. 'हल्ला झाला का?' असं विचारलंत तर हल्लाच मिळेल. 'दिसला तेव्हा काय केलं?' असं विचारा.

दुसरा आधार शास्त्रीय. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अकोले परिसरातला कॅमेऱ्यांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर, आणि तिथेच 100 चौरस किलोमीटरमागे साधारण पाच प्रौढ बिबटे. कॅमेऱ्याला बक्षीस नको असतं, म्हणून तो नुसतं जाणंसुद्धा टिपतो.

जुनं मराठी साहित्यही बघा, पण जपून. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त शिकाऱ्यांपुढून पळणारा ससा चक्रधरांच्या मांडीखाली आसरा घेतो. तक्त्यातलं हे जवळजवळ 12 झालं. मात्र लीळा स्वामींची थोरवी सांगायला लिहिलेली आहे, सशाचा स्वभाव सांगायला नाही. त्यापेक्षा मला खडूने किंवा कोळशाने फरशीवर आखलेला वाघ-बकरीचा पट जास्त बोलका वाटतो. वाघ उडी मारून बकरी खातो, पण बकऱ्यांना वाघ मारता येत नाही. त्याला फक्त कोंडता येतं. खेळ संपतो तेव्हा वाघ पटावरच असतो. ज्यांनी हा नियम केला त्यांच्यासमोर जनावराला संपवणं हा पर्यायच नव्हता. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट त्याच पोरांना सांगितली जायची, हेही विसरू नका.

शेवटी कामाचं. 1948 आधीचं बीड शोधायचं तर हैदराबादच्या अभिलेखागारात जावं लागेल, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दरबारी भाषा उर्दू आहे. ती लिपी आधी शिका. 1969 चं बीड जिल्हा गॅझेटियर सोबत ठेवा, गावांची नावं जुळवायला. आणि शिकारीच्या फायली लगेच मागवू नका. आधी चराई, कुरण आणि रस्त्यांच्या फायली चाळा. तिथे जनावर कुणाच्या तक्रारीत, एखाद्या ओळीत, सहज येऊन जातं.