पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश : रात्रीची झोप का बिघडते?

पार्किन्सन आणि डिमेन्शिया म्हणजेच स्मृतिभ्रंश या आजारांत मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट होतात. थरथर किंवा विसरणे लवकर लक्षात येते, पण घरच्यांना जास्त थकवतो तो झोपेचा बिघाड. रात्री ओरडणे, उठून दाराकडे जाणे हा हट्ट नाही आणि बाहेरची बाधाही नाही. हा आजाराचाच भाग आहे. मात्र प्रत्येकाचे कारण वेगळे असते, त्यामुळे झोपेची एकच गोळी सगळ्यांना चालत नाही.

झोपेत लाथा मारणे, ओरडणे

स्वप्न पडत असताना आपले हातपाय सैल असतात. ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्नातली हाणामारी खरोखर करतो, बाजेवरून पडतो. जागे केल्यावर बहुतेक वेळा लगेच भानावर येतो आणि स्वप्न सांगतो. याला 'आरईएम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर' म्हणतात. पार्किन्सनची थरथर सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीही हे दिसू शकते. नैराश्याची काही औषधे आणि घोरताना श्वास अडकणे यांमुळेही असेच होऊ शकते, म्हणून तपासणी हवी.

संध्याकाळनंतर वाढणारा गोंधळ

स्मृतिभ्रंशात मेंदूतील दिवस-रात्रीचे घड्याळ बिघडते. रुग्ण दिवसा पेंगतो, दिवेलागणीला अस्वस्थ होतो आणि स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणतो. हा गोंधळ एक-दोन दिवसांतच एकदम वाढला, तर लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणे किंवा नवे औषध हे कारण असू शकते.

पार्किन्सनमध्ये वारंवार जाग येणे

रात्री औषधाचा असर उतरला की अंग ताठरते आणि कूस बदलता येत नाही. वारंवार लघवी आणि पायांतली तळमळ यांनीही झोप मोडते. अशी तळमळ असेल तर शरीरातील लोह तपासावे. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्या. पार्किन्सनची गोळी स्वतःहून अचानक बंद करणे धोक्याचे आहे.

घरी काय करावे?

- सकाळी अर्धा तास उजेडात फिरवा. उन्हाळ्यात नांदेड-लातूरकडे पारा चाळिशीपुढे जातो, त्यामुळे आठच्या आत आटपा.
- दुपारची झोप अर्ध्या तासापुरतीच ठेवा. दुपारनंतर चहा टाळा.
- उन्हाळ्यातही रुग्णाला गच्चीवर किंवा माळवदावर झोपवू नका.
- बुटका पलंग वापरा आणि शेजारी गादी टाका. काठी, विळा, काचेची भांडी जवळ ठेवू नका.
- संडासपर्यंतच्या वाटेवर मंद दिवा ठेवा.
- रुग्णाशी वाद घालू नका. शांतपणे बोलून पुन्हा अंथरुणावर आणा.

गोळ्यांबाबत सावधान

मेडिकलवरून परस्पर झोपेची गोळी आणू नका. तिने तोल जातो आणि पडून खुब्याचे हाड मोडू शकते. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामाइनने गोंधळ वाढतो. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइडने पार्किन्सन बळावतो. लुई बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात हॅलोपेरिडॉलने गंभीर ताठरता येऊ शकते. झोपेत हातपाय झाडण्यावर मेलाटोनिन किंवा अगदी कमी मात्रेत क्लोनाझेपाम देतात, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

झोपेत स्वतःला किंवा जोडीदाराला इजा होणे, घोरताना श्वास थांबणे, दिवसा बोलता बोलता झोप लागणे, नसलेली माणसे दिसणे यांपैकी काही असेल तर थांबू नका. एकाएकी गोंधळ, ताप किंवा पडून डोक्याला मार असेल तर त्याच दिवशी दाखवा.

येताना सात रात्रींची नोंद, मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणि सर्व गोळ्यांची पाकिटे आणा. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत मेडिसिन किंवा मानसोपचार ओपीडीत दाखवता येते.

रुग्णाजवळ रोज एकानेच जागू नये. घरात पाळ्या लावा. सांभाळणाऱ्यावर ताण आला असेल तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.