वाटेवरचे युरोप : दोन रात्रींच्या मुक्कामासाठी शहर निवडताना

न्यूजर्सी, बोस्टन किंवा टोरांटो येथे स्थायिक झालेल्या मुलाकडे निघालेले आजी-आजोबा, सुटीनिमित्त त्यांच्यासोबत जाणारे धाकट्या मुलाचे कुटुंब आणि दोन लहान नातवंडे, असा सहा जणांचा काफिला मुंबईच्या विमानतळावर आता नवलाचा राहिलेला नाही. मुंबई ते युरोप नऊ-दहा तास आणि तेथून अटलांटिक ओलांडून पलीकडे जाण्यासाठी आणखी आठ-नऊ तास, असा हा प्रवास. विमान बदलण्यासाठी युरोपात उतरायचेच आहे, तर दोन दिवस थांबून एखादे शहर पाहून घ्यावे, हा विचार साहजिक आहे. वृद्धांना विसावा मिळतो, मुलांचे पाय मोकळे होतात आणि युरोपची स्वतंत्र सहल करण्याचा खर्च वाचतो. मात्र घरात चर्चा सुरू झाली, की पहिले नाव पॅरिसचे निघते आणि दुसरे लंडनचे. गणित चुकते ते बहुधा येथेच.

दोन रात्रींचा मुक्काम म्हणजे दोन दिवस नव्हेत. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटलेले विमान सकाळी सातच्या सुमारास युरोपात उतरते. पासपोर्ट तपासणी, सामान आणि रेल्वेची तिकिटे यांत नऊ वाजतात. हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनपूर्वी हाती येत नाही. परतीच्या बाजूला, दुपारचे विमान असेल तर तिसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊलाच हॉटेल सोडावे लागते. म्हणजे हाती उरतो एक पूर्ण दिवस आणि रात्रभर न झोपलेल्या माणसांची एक दुपार. तेव्हा शहराची कीर्ती किती, यापेक्षा विमानतळापासून अंथरुणापर्यंतचे अंतर किती, हा प्रश्न अशा मुक्कामासाठी अधिक महत्त्वाचा ठरतो.

व्हिसा आधी, शहर नंतर

अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर आहे, म्हणजे युरोपातही उतरता येईल, अशी समजूत अनेकांची असते. ती चुकीची आहे. अमेरिकेच्या व्हिसामुळे काही विमानतळांवर विमान बदलणे सोपे होते. विमानतळाबाहेर पडून शहरात राहण्यासाठी भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतोच. हा व्हिसा २९ देशांत चालतो. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसले तरी शेंगेन क्षेत्रात आहे. ब्रिटन आणि आयर्लंड या क्षेत्रात नाहीत.

जून २०२४ पासून या व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना ते माफ असले तरी अर्ज मात्र त्यांचाही करावा लागतो. चार प्रौढ, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा असे कुटुंब धरले, तर ४०५ युरो केवळ शुल्कापोटी जातात. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क आणि किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा त्यावर. व्हिसा नाकारला गेला, तर शुल्क परत मिळत नाही. एका रात्रीसाठी एवढा खर्च आणि कागदपत्रांची यातायात करावी का, याचा निर्णय प्रत्येकाने घ्यायचा आहे. दोनपेक्षा कमी रात्रींसाठी तो परवडणारा सौदा नाही, असे म्हणावे लागते.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळी सुटीत भेटीची वेळ मिळणेच कठीण होते; तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी त्या त्या देशाच्या अर्ज केंद्राच्या तारखा पाहिलेल्या बऱ्या. जेथे मुक्काम करायचा, त्याच देशाकडे अर्ज करावयाचा असतो. साहजिकच पॅरिसच्या तारखा मिळत नाहीत म्हणून दुसऱ्याच देशाचा व्हिसा काढून पॅरिसला जाणे हा मार्ग सरळ नव्हे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर प्रवाशांच्या ये-जा करण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यासाठी चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. पहिल्या वेळी रांगेत थोडा जास्त वेळ धरावा.

शरीराचे घड्याळ

शहर निवडताना आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मध्य युरोपचे घड्याळ भारताच्या उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत आजोबा संध्याकाळी सातला पेंगू लागतात आणि पहाटे तीनला टक्क जागे होतात. जून महिन्यात पॅरिसला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास. आयफेल टॉवरची रोषणाई पाहायची तर त्यानंतर. म्हणजे शरीराच्या हिशेबाने उत्तररात्री दीड वाजता! चार वर्षांचा मुलगा तोवर कोणाच्या तरी खांद्यावर झोपलेला असतो. याउलट पहाटे पाच ते नऊ हा वेळ कुटुंबाजवळ भरपूर असतो आणि तेव्हा कोणतेही संग्रहालय उघडे नसते. सबब, ज्या शहरात भल्या सकाळी तिकिटावाचून हिंडता येईल, बसायला बाक आणि पाहायला पाणी किंवा झाडी असेल, ते शहर या मुक्कामाला सोयीचे.

झुरिक

या कसोटीवर झुरिक सर्वांत आधी उतरते. विमानतळाच्या खालीच रेल्वे स्थानक आहे आणि तेथून मुख्य स्थानक दहा-बारा मिनिटांवर. मुख्य स्थानकातून सरळ रस्त्याने चालत गेले की सरोवर लागते. काठाने सपाट फरसबंद वाट, बाक, हंस आणि समोर, हवा स्वच्छ असेल तर, हिमाच्छादित आल्प्स. चाकाची खुर्ची असो की बाबागाडी, अडत नाही. शहरात बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि बहुतेकांचे पाणी पिण्यायोग्य असते. बाटलीबंद पाण्यावर पैसे घालवण्याचे कारण नाही, आणि झुरिकमध्ये पैसे वाचवण्याच्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांतली ही एक.

शाकाहारी कुटुंबांना येथे एक अनपेक्षित आधार आहे. मुख्य स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर असलेले 'हिल्ट्ल' हे उपाहारगृह १८९८ पासून शाकाहारी असून जगातील सर्वांत जुने शाकाहारी उपाहारगृह म्हणून त्याची गिनेस बुकात नोंद आहे. तेथे भारतीय पदार्थही मांडलेले असतात आणि मांडलेल्या पदार्थांतून ताटात जे घ्याल, त्याच्या वजनावर पैसे आकारले जातात. आजीला थोडाच भात हवा असेल, तर तेवढ्याचेच पैसे.

पूर्ण दिवस हाती असेल, तेव्हा र्‍हाइन नदीचा धबधबा पाहावा. रेल्वेने तो तासाभराच्या आत गाठता येतो. रुंदी १५० मीटर आणि उंची २३ मीटर. उंचीत तो आपल्याकडील धबधब्यांच्या जवळपासही येत नाही, पण पाण्याचा लोट इतका जवळून पाहता येतो, की मुले तेथून हलत नाहीत. लॉफेन किल्ल्याच्या बाजूने खाली उतरण्यासाठी लिफ्टही आहे. धबधब्याऐवजी डोंगर हवा असेल, तर उएटलीबर्ग ही सुमारे ८७० मीटरची टेकडी शहरातूनच रेल्वेने गाठता येते. हिंदी चित्रपटांमुळे प्रसिद्ध झालेल्या युंगफ्राउयोखचा मोह मात्र टाळलेला बरा. ते ठिकाण ३,४५४ मीटर उंचीवर आहे, झुरिकहून जाऊन येण्यात सारा दिवस रेल्वेत जातो आणि विमान प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी रक्तदाब असलेल्या माणसाला एवढ्या उंचीवर नेणे शहाणपणाचे नाही.

दोष एकच, महागाई. फ्रँकमध्ये दिलेल्या प्रत्येक चहाच्या पेल्याचे रुपयांत रूपांतर करण्याची सवय असलेल्यांनी ती दोन दिवस बाजूला ठेवावी किंवा सरळ व्हिएन्ना निवडावे.

व्हिएन्ना आणि अन्य पर्याय

व्हिएन्नाचा विमानतळ शहरापासून १८ किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने पंधरा ते पंचवीस मिनिटे लागतात. शोनब्रून राजवाड्याचे विस्तीर्ण उद्यान भल्या सकाळी उघडते व तेथे प्रवेशशुल्क नाही. याच आवारात १७५२ मध्ये स्थापन झालेले, आजही चालू असलेले जगातील सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय आहे. राजवाडा मोठ्यांना, प्राणी मुलांना आणि दोन्ही एकाच भुयारी रेल्वे स्थानकाजवळ. कुटुंबात फाटाफूट होत नाही. प्राटर उद्यानातील १८९७ चे आकाशपाळणे संथ फिरते आणि त्याला बंद डबे असल्याने आजीही बसू शकतात. केंद्र शासनाच्या संग्रहालयांत १९ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे.

अॅमस्टरडॅमलाही विमानतळाखालीच रेल्वे आहे आणि शहर पाव तासाच्या अंतरावर. तासाभराची कालव्यांतील नौकासफर ही वृद्धांसाठी युरोपातील सर्वांत सुखाची सफर म्हणता येईल. बसल्या जागेवरून सतराव्या शतकातील सारे शहर समोरून सरकत जाते. पण कालव्याकाठच्या जुन्या घरांतील हॉटेलांचे जिने शिडीसारखे उभे असतात आणि अनेक ठिकाणी लिफ्ट नसते. खोली ठरवण्यापूर्वी हे विचारलेच पाहिजे. शहराने पर्यटकांवर मुक्कामाच्या दराच्या साडेबारा टक्के कर बसवला आहे, आणि २०२६ च्या आरंभापासून हॉटेलांवरील मूल्यवर्धित करही ९ वरून २१ टक्के झाला आहे; तेव्हा दिसलेला दर करांसह आहे की करांविना, हेही पाहावे. अॅन फ्रँकच्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन आणि सहा आठवडे आधी विक्रीस येतात. दारात जाऊन ती मिळत नाहीत.

फ्रँकफर्टला केवळ विमान बदलण्याचे ठिकाण म्हणून हिणवले जाते. एकाच रात्रीचा थांबा असेल आणि व्हिसा आधीचाच असेल, तर मात्र पाव तासात शहरात पोहोचवणारे हे ठिकाण वाईट नाही. सेंकेनबर्ग संग्रहालयातील डायनोसॉरचे सांगाडे आणि पामेनगार्टन ही वनस्पतिबाग, एवढ्यात दुपार छान जाते. फक्त हॉटेल मुख्य रेल्वे स्थानकासमोरच्या वस्तीत घेऊ नये. इतर शहरांत सोयीची असणारी ही जागा येथे अमली पदार्थांचे व्यवहार आणि रात्रीच्या धंद्यांसाठी ओळखली जाते.

मग पॅरिस का नको? पॅरिस सुंदर आहे, यात वाद नाही. पण विमानतळ सुमारे २५ किलोमीटर दूर, भुयारी रेल्वेच्या बहुतेक स्थानकांत जिनेच जिने आणि प्रत्येक मोठ्या ठिकाणी रांग. लूव्र मंगळवारी बंद असते आणि जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरील प्रौढांसाठी तिकीट ३२ युरो झाले आहे. मोनालिसापुढे दोन मिनिटे उभे राहण्यासाठी चार प्रौढांचे १२८ युरो होतात. आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा खुले झालेले नोत्र दाम चर्च पाहण्यास शुल्क नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पॅरिसला चार रात्री द्याव्यात, नाहीतर पुढच्या खेपेला ठेवावे.

लंडनसाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. तो आधीच हाती असेल, तरच विचार करावा. असेल तर मात्र ब्रिटिश म्युझियम, विज्ञान संग्रहालय आणि नैसर्गिक इतिहास संग्रहालय यांना प्रवेशशुल्क नाही. शिवाय १० किंग हेन्रीज रोड येथील, डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत १९२१-२२ मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक म्हणून खुले केले आहे. मराठी कुटुंबाने लंडनमध्ये एक सकाळ त्यासाठी राखून ठेवावी.

ऋतू, रविवार आणि बारा बॅगा

डिसेंबरमध्ये अॅमस्टरडॅमला जेमतेम पावणेआठ तास उजेड असतो, जूनमध्ये साडेसोळा तासांहून अधिक. नाताळच्या सुटीत निघणाऱ्यांनी त्यामुळे दक्षिणेकडचे शहर घ्यावे किंवा घरातल्या घरात पाहण्याजोगी ठिकाणे शोधावीत. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. मुलांसाठी दूध किंवा औषध हवे झाल्यास मोठ्या रेल्वे स्थानकातील आणि विमानतळावरील दुकाने उघडी सापडतात.

तिकीट काढताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. आंतरराष्ट्रीय तिकिटांत साधारणपणे चोवीस तासांच्या आतला थांबा हा विमान बदलण्याचा भाग मानला जातो आणि सामान थेट अंतिम ठिकाणी जाते. त्याहून अधिक थांबले, की सामान मध्येच ताब्यात घ्यावे लागते. माणशी दोन बॅगा धरल्या, तर सहा जणांच्या बारा झाल्या. त्या घेऊन ट्राममध्ये चढण्याचा प्रयत्न कोणी करू नये. झुरिक, फ्रँकफर्ट व अॅमस्टरडॅम या तिन्ही विमानतळांवर सामान ठेवण्याची सशुल्क सोय आहे. दोन रात्रींपुरते कपडे आणि औषधे वेगळ्या लहान बॅगेत भरून उरलेले तेथेच ठेवावे.

या बॅगांत काय आहे, हेही महत्त्वाचे ठरते. सामान ताब्यात घेऊन बाहेर पडले, की युरोपीय संघाचे सीमाशुल्क नियम लागू होतात, आणि बाहेरच्या देशातून प्रवाशांनी मांस किंवा दुग्धजन्य पदार्थ आणण्यास तेथे मनाई आहे. मुलासाठी नेलेले घरचे तूप, खवा, पनीर यांत मोडते. तान्ह्या मुलाच्या दुधाच्या भुकटीला अटींवर सवलत आहे. ताज्या फळांसाठी रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते. त्यामुळे मे महिन्यात नेलेली हापूसची पेटी फ्रँकफर्टला टाकून द्यावी लागू शकते. फळमाशी सापडल्याने २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यांची आयातच काही महिने बंद केली होती, यावरून तेथील काटेकोरपणाची कल्पना यावी. प्रमाणपत्राच्या अटीतून पाचच फळे वगळली आहेत: अननस, केळी, खजूर, ड्युरियन आणि नारळ.