घराचा मूळ रंग कोणता?

लहानपणी आमच्या घरी दिवाळीच्या आधी भिंतींना चुना काढला जाई. रंग कोणता द्यायचा हा प्रश्नच नसे. चुना पांढरा, म्हणून घर पांढरे. त्यामुळे १९९१ साली न्यू जर्सीतले आमचे लाकडी घर विकत घेतले, तेव्हा त्याचा पांढरा रंग मला अगदी स्वाभाविक वाटला. घर १८८०च्या दशकातले. जुने अमेरिकन घर म्हणजे पांढऱ्या भिंती आणि गडद हिरवी शटर्स, हे चित्र आपल्या सर्वांच्याच डोळ्यांसमोर असते. इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने ते तेव्हाच तपासायला हवे होते. मी ते तपासले यंदा, घर पुन्हा रंगवायची वेळ आली तेव्हा.

अमेरिकेत पांढऱ्या घरांची लाट आली ती साधारण १८२० ते १८५० या काळात, ग्रीक रिव्हायव्हल शैलीबरोबर. ग्रीक देवळांसारखे खांब आले, त्यांच्यासारखा पांढरा रंगही आला. गंमत अशी की मुळात ती देवळे रंगीत होती. शतकानुशतकांच्या उन्हापावसात रंग उडून गेला होता. १८४२ साली हडसन नदीकाठच्या न्यूबर्ग गावातल्या अँड्र्यू जॅक्सन डाउनिंगने ‘कॉटेज रेसिडेन्सेस’ या पुस्तकात या पांढऱ्या रंगाविरुद्ध आवाज उठवला. हिरव्या झाडीत पांढरे घर डोळ्यांत खुपते. घराचा रंग माती, दगड आणि लाकूड यांच्याकडून घ्यावा, असे त्याचे म्हणणे होते.

तोवर रंगारी जागेवरच रंग तयार करत. शिशापासून केलेला सफेदा अळशीच्या तेलात घोटायचा आणि त्यात काव, पिवळी माती किंवा काजळी मिसळायची. १८७०च्या दशकात कारखान्यात तयार झालेला रंग डब्यांतून, रेल्वेने गावोगावी जाऊ लागला. पुन्हा बंद करता येईल अशा डब्याचे पेटंट शेरविन-विल्यम्स कंपनीने १८७७ साली घेतले. १८८५ साली न्यूयॉर्कच्या डेव्हो कंपनीने ‘एक्स्टिरिअर डेकोरेशन’ हे रंगीत चित्रांचे पुस्तक काढले. त्या काळची आवड म्हणजे ऑलिव्ह, तपकिरी, विटकरी, गडद लाल. भिंतीला एक रंग, चौकटी आणि कडांच्या पट्ट्यांना दुसरा, आणि काच बसवलेल्या सॅशला बहुधा सर्वांत गडद. गडद सॅश काचेमागच्या अंधारात मिसळते आणि खिडकी खोल दिसते.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा दोन परदेशी सहाध्यायिनींबरोबरचा फोटो आपण पाहिलेला असतो. तो फिलाडेल्फियातला, ऑक्टोबर १८८५चा, म्हणजे डेव्होच्या पुस्तकाच्याच वर्षीचा. १८८३ साली अमेरिकेत आल्यावर आनंदीबाई आधी आमच्याच न्यू जर्सीत, रोझेल गावी राहिल्या होत्या. त्यांची अमेरिका आपल्या मनात कृष्णधवल होऊन बसली आहे. प्रत्यक्षात ती गडद रंगांच्या घरांची अमेरिका होती.

मग पांढरा रंग परत कसा आला? १८९३च्या शिकागो प्रदर्शनातल्या भव्य इमारतींनी ‘व्हाइट सिटी’ हे नाव मिळवले. त्याच सुमारास वसाहतकाळाचे आकर्षण वाढले आणि कॉलोनिअल रिव्हायव्हल शैली लोकप्रिय झाली. आधीची रंगीत घरेसुद्धा मग पांढरी होत गेली.

आमच्या घराचे काय झाले, हे घरालाच विचारायचे ठरवले. पोर्चच्या छताखाली ऊनपाऊस न लागलेल्या कोपऱ्यात जाणकाराकडून एक छोटा गोल खड्डा खरवडून घेतला. भिंगाखाली झाडाच्या खोडासारखी वलये दिसली. सर्वांत आतला थर म्हणजे मूळ रंग, असे लगेच समजू नये. तो नुसता प्रायमर असू शकतो. थरावर धुळीची रेघ असेल, तर तो बराच काळ उघडा होता हे कळते. शिवाय अळशीचे तेल अंधारात पिवळे पडते. म्हणून उघडलेला थर काही दिवस उजेडात ठेवून मगच मन्सेलच्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहिला. भिंत पिवळसर ऑलिव्ह निघाली, पट्ट्या गडद तपकिरी आणि सॅश जवळजवळ काळी म्हणावी इतकी लाल. त्यांच्यावर पांढऱ्याचे पाच थर होते.

त्यांतला सर्वांत वरचा माझा, १९९२चा. त्याची आठवण चांगली नाही. घरांसाठीच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ साली बंदी आली होती, हे मला ठाऊक होते. पण कायदा झाला म्हणून भिंतीवरचा जुना रंग जात नाही, एवढे मात्र सुचले नाही. मी पॉलिश पेपरने कोरडाच रंग घासत होतो आणि चार वर्षांचा मुलगा त्याच पोर्चवर खेळत होता. पुढे त्याच्या रक्तात शिसे जास्त निघाले. ते हळूहळू उतरले; माझ्या मनावरचे ओझे उतरले नाही. तुमचे घर १९७८च्या आधीचे असेल, तर कोरडे घासू नका. आधी तपासणी करून घ्या आणि असे काम करण्याचे प्रमाणपत्र असलेल्याच माणसाला बोलवा.

आता या घरात तोच मुलगा त्याच्या मुलीसह राहायला येणार आहे. ऑलिव्ह रंगाचा नमुना पाहून तो म्हणाला, “बाबा, माझं लहानपण पांढऱ्या घरात गेलं. तीही हिस्टरीच ना?”

मी थोडा वेळ गप्पच राहिलो. त्याचे म्हणणे खरे होते. मात्र या घरावरची कोरीव पट्टी आणि माशाच्या खवल्यांसारखी लाकडी कौले सावल्या आणि दोन-तीन रंग गृहीत धरून केलेली आहेत. पांढऱ्यात ती दिसेनाशी होतात, हे मी त्याला नमुने लावून दाखवले. त्याने मान्य केले, पण एका अटीवर: पांढरा थर खरवडून काढायचा नाही.

तशी गरजही नव्हती. सुटलेले पोपडे तेवढे ओले करून, प्लॅस्टिक अंथरून काढले. बाकीचे थर जागच्या जागी आहेत. पोर्चच्या छताखाली, हात पोचणार नाही अशा उंचीवर वीतभर जागा आम्ही न रंगवता पारदर्शक वार्निश लावून सोडली आहे. यंदा दिवाळीला आकाशकंदील तिच्या शेजारीच टांगणार आहोत. पांढऱ्याच्या कडेला मुलाने पेन्सिलीने लहान अक्षरांत लिहिले आहे: १९९२, बाबा.