छोट्या इंजिनांची निगराणी

खेळण्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखानदारांची नावे, पेटंटांची साले आणि प्रदर्शनांतील पदके यांतच रमतात. खेळणे घरी आल्यावर ते कोणी उघडले, कोणी पुसले, त्याचा झिजलेला भाग कोणी बदलला, याची दखल घेण्याचे त्यांना सहसा प्रयोजन पडत नाही. बाहुल्या आणि भोवरे यांच्या बाबतीत ही उपेक्षा क्षम्य ठरेल. परंतु छोट्या आगगाडीच्या बाबतीत ती क्षम्य नाही, कारण या खेळण्याच्या विक्रीतच निगराणीची अट अध्याहृत होती, आणि ती अट ज्या घरांनी पाळली त्याच घरांत ते दोन-दोन, तीन-तीन पिढ्या नांदले.

या कथेचा आरंभ जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग प्रांतात, ग्योपिंगन या गावी होतो. थिओडोर फ्रीड्रिख विल्हेल्म मेर्कलिन नावाच्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराने १८५९ साली तेथे मुलींच्या भातुकलीची भांडीकुंडी घडविण्याचा उद्योग मांडला, आणि त्याची पत्नी कॅरोलिन हिने, स्त्रियांनी व्यापारासाठी घराबाहेर पडणे अपूर्व मानले जाई अशा त्या काळात, मालाचे नमुने घेऊन दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडात प्रवास करून त्यास गिऱ्हाईक मिळविले. १८६६ साली पती निवर्तल्यावर तिनेच तो व्यवसाय नेटाने तगवून धरला, आणि १८८८ साली तो पुत्रांच्या स्वाधीन झाला. पुढे १८९१ च्या वसंतऋतूत लाइपझिगच्या जत्रेत या पेढीने इंग्रजी आठच्या आकड्याच्या आकाराचे रूळ मांडून त्यांवर किल्लीची आगगाडी धावती करून दाखविली.

पत्र्याच्या गाड्या त्यापूर्वीही होत्या. नवीन होती ती रुळांच्या रुंदीस क्रमांक देऊन ती कायम करण्याची पद्धत. ज्या क्रमांकाचे रूळ त्याच क्रमांकाची गाडी, मग ती आज घेतलेली असो की पाच वर्षांनी. या एका ठरावाने गिऱ्हाइकास असे वचन मिळाले की प्रथम एक इंजिन, दोन डबे आणि रुळांचे एक वर्तुळ एवढेच घ्यावे, आणि पुढे दर नाताळात एखादा सांधा, एखादा पूल, एखादे स्थानक यांची भर घालीत जावे. कारखानदाराचा हेतू व्यापारीच होता, यात संशय नाही. परंतु त्याचा परिणाम व्यापाराच्या पलीकडचा झाला. जी वस्तू पुढील वर्षी घेतलेल्या भागांशी जुळणार आहे ती या वर्षी मोडून चालणार नाही, अशी जाणीव घरोघर रुजली, आणि दुरुस्ती हा या छंदाचा नित्यधर्म झाला.

ही पद्धत लवकरच इंग्लंडात पोहोचली. नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनानंतर न्यूरेंबर्गच्या बिंग पेढीशी करार करून ब्रिटिश कंपन्यांच्या इंजिनांच्या नमुनेदार प्रतिकृती जर्मनीत घडवून घेतल्या. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली आपल्या किल्लीच्या गाड्या बाजारात आणल्या, आणि १९३८ साली टेबलावर मावणारी विजेची ‘डब्लो’ ही मालिका सुरू केली. जर्मनीत मेर्कलिन आणि ट्रिक्स या दोन्ही पेढ्यांनी १९३५ सालीच साडेसोळा मिलिमीटर रुंदीच्या रुळांचा अवलंब केला होता. ट्रिक्सचे चालक स्टेफान बिंग हे यहुदी होते. नाझी अमलात १९३८ साली त्यांना आपला कारखाना विकून देशत्याग करावा लागला, ही या निरागस दिसणाऱ्या व्यवसायाच्या दप्तरातील काळी नोंद होय.

गाडी लहान झाली तसे तिच्या पोटातील यंत्र नाजूक झाले, आणि निगराणी हे कौशल्याचे काम बनले. मेर्कलिनच्या गाड्या सोळा व्होल्टपर्यंतच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत. दिशा बदलावयाची असता चालकाने ट्रान्स्फॉर्मरची मूठ शून्याच्याही मागे दाबून सुमारे चोवीस व्होल्टांचा क्षणिक झटका द्यावयाचा, म्हणजे इंजिनातील रिले एका बारीक स्प्रिंगचा ताण मोडून तरफ ओढी आणि इंजिन उलट दिशेने निघे. साऱ्या यंत्राचे इमान त्या स्प्रिंगवर अवलंबून असे. ती ढिली पडली तर भरवेगात धावणारे इंजिन कोणी हुकूम न करता मागे फिरे. ती घट्ट झाली तर कितीही झटके दिले तरी ते दिशा बदलत नसे, उलट पुढेच एक उडी घेई. चिमट्याने त्या स्प्रिंगचे टोक किंचित वाकवून योग्य ताण साधणे ही विद्या पुस्तकाने कळे, पण हातानेच येई.

हॉर्नबीच्या इंजिनांचे दुखणे वेगळे होते. त्यांच्या मोटारीतील लोहचुंबक कालांतराने क्षीण होई. मग मोटार अधिक प्रवाह ओढी, तापे, रिकामी असता वेगाने फिरे आणि चार डबे जोडताच हतबल होई. यावर उपाय म्हणजे चुंबक पुन्हा भारून घेणे. परंतु दुरुस्तीच्या उत्साहात एखाद्याने आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरता भाग, बाहेर काढताना चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोखंडाचा तुकडा ठेवला नाही, तर त्याचे बळ त्या क्षणीच उतरे. अलीकडे त्या जागी निओडिमियमचे चिमुकले चुंबक बसविण्याचा प्रघात पडला असून, सत्तर-ऐंशी वर्षांची इंजिने त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी प्रवाहात अधिक भार ओढू लागली आहेत.

सर्वांत सामान्य व्याधी मात्र तेलाची. माळ्यावर तीस-चाळीस वर्षे पडून राहिलेल्या इंजिनातील तेल राळेसारखे घट्ट होते आणि दाते जागच्या जागी धरून ठेवते. अननुभवी माणूस मोटार जळाली असे समजून प्रवाह वाढवीत जातो, आणि जी मोटार जळालेली नव्हती ती अशा रीतीने खरोखरच जाळून टाकतो. जाणता माणूस प्रथम वरचे कवच काढतो, सुटे भाग स्पिरिटने धुतो, फिरत्या भागास वीज पोहोचविणाऱ्या कम्युटेटरच्या पाकळ्यांमधील काळी भुकटी लाकडी काडीने कोरून काढतो, झिजलेले कार्बन बदलतो, आणि मग सुईच्या टोकावर मावेल एवढाच तेलाचा थेंब प्रत्येक बेअरिंगला देतो. थेंबाचे दोन झाले की जास्तीचे तेल कम्युटेटरवर उतरते, कार्बनच्या भुकटीत मिसळते, आणि महिन्याभरात इंजिन पुन्हा दुरुस्तीच्या मेजावर येते.

एका रोगावर मात्र कोणाचाच इलाज चालला नाही. १९३० च्या दशकात जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग सर्रास वापरले जाऊ लागले, आणि त्या जस्तात शिशाचा अल्प अंश जरी राहिला तरी धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत क्षय सुरू होई. चाके आणि सांगाडे फुगत, त्यांना भेगा पडत, आणि अखेर ते बोटांच्या दाबाने चुरा होत. ‘झिंक पेस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाने युद्धपूर्व काळातील अनेक उत्तम इंजिने गिळली. निगराणीचे सामर्थ्य किती आणि तिची मर्यादा कोठे, हे त्यावरून उमगते: वापराने झालेली झीज दुरुस्त होते, परंतु ओतताना भट्टीत झालेली कसूर मालकाच्या कोणत्याही दक्षतेने भरून येत नाही.

इंजिनाबरोबर उपसाधनांचीही निगा आलीच. मेर्कलिनचे हाताचे सिग्नल केवळ शोभेचे नव्हते. हात आडवा झाला की त्यापुढील रुळांचा प्रवाह तुटे आणि गाडी आपोआप थांबे. सांधे बदलणाऱ्या विद्युत्-गुंडाळ्या क्षणभराच्या प्रवाहासाठीच बनविलेल्या असत. बटण अडकून प्रवाह चालू राहिला तर त्या धूर काढीत जळत. पुढे संधारित्रात साठविलेला विद्युत्भार एकदम सोडून सांधा हलविण्याची युक्ती निघाली, आणि घरे व स्थानके उजळणाऱ्या दिव्यांच्या जागी एलईडी आले. यांतील बहुतेक सुधारणा जुन्या सांगाड्यात नवे अंग बसवूनच झाल्या.

१९८० च्या दशकाच्या मध्यास डिजिटल नियंत्रण आले तेव्हा या परंपरेची खरी कसोटी लागली. पूर्वी रुळांतील प्रवाह वाढविला की त्यावरील सर्व गाड्या एकदम धावत. आता प्रत्येक इंजिनात संकेत उलगडणारा डिकोडर बसवून त्यास स्वतंत्र पत्ता देता येऊ लागला. मेर्कलिनच्या पहिल्या पद्धतीत असे ऐंशी पत्ते होते. हॉर्नबीने १९७९ सालीच ‘झिरो वन’ या नावाने सोळा इंजिनांची पद्धत आणली होती, परंतु ती एका पेढीपुरती राहिली आणि मावळली. याउलट जर्मनीतील लेन्त्स यांनी विकसित केलेली पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतील राष्ट्रीय छंदी संघटनेने खुले प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि निरनिराळ्या कारखान्यांची इंजिने एकाच रुळावर एकाच भाषेत हुकूम घेऊ लागली. १८९१ साली रुंदीच्या क्रमांकाने जे साधले होते, तेच शतकानंतर विद्युत्-संकेतांच्या बाबतीत साधले गेले.

या बदलात जुन्या इंजिनांना बाद करण्याचा मोह कारखान्यांना सहज पडू शकला असता. तसे घडले नाही. मेर्कलिनने जुन्या मोटारींसाठी रूपांतराचे संच विक्रीस काढले: तीन ध्रुवांच्या जागी पाच ध्रुवांचे आर्मेचर, तारेच्या गुंडाळीऐवजी कायमचे लोहचुंबक, आणि दिशा बदलणाऱ्या त्या लहरी रिलेच्या मोकळ्या झालेल्या जागेत डिकोडर. १९५० च्या दशकातील तीन आसांचे साधे टाकीवाले इंजिनही या उपचाराने मुंगीच्या पावलाने निघून मुंगीच्या पावलाने थांबू लागते. यावर छंदी मंडळींत जुना वाद आहे. एका पक्षाच्या मते मूळ यंत्र काढले की ऐतिहासिक वस्तू नष्ट झाली; दुसऱ्या पक्षाच्या मते जे इंजिन धावत नाही ते केवळ धातूचा गोळा होय. माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते, परंतु एका शर्तीवर: जे काही बदलावे ते परत फिरविता येईल असेच बदलावे, सांगाडा कापू नये, छिद्रे पाडू नयेत.

चालते ठेवणे हे जपून ठेवण्यापेक्षा किती कष्टाचे, याचा प्रत्यय मराठी वाचकास पुण्यातच येऊ शकेल. कर्वे रस्त्याच्या बाजूस भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभे राहिलेले आणि १९९८ साली जनतेस खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय हे धावत्या गाड्यांचे संग्रहालय आहे. काचेआड ठेवलेल्या वस्तूची धूळ झटकली की भागते. रोज धावणाऱ्या गाडीचे रूळ रोज पुसावे लागतात, चाकांवरील मळ काढावा लागतो, आणि प्रेक्षक येण्यापूर्वी प्रत्येक सांध्याची परीक्षा घ्यावी लागते.

दीडशे वर्षे पूर्ण होण्याच्या वर्षीच, म्हणजे २००९ च्या फेब्रुवारीत, मेर्कलिनवर दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली; पुढे २०१३ साली दुसऱ्या जर्मन खेळणी-उद्योगाच्या मालकांनी ती पेढी विकत घेतली आणि कारखाना सुरू राहिला. मालकी बदलली, परंतु रुळांची रुंदी बदलली नाही, आणि इंजिनासोबत येणाऱ्या कागदावर प्रत्येक स्क्रूचा क्रमांक छापण्याची चालही मोडली नाही. वस्तूचे आयुष्य घडविणाऱ्याच्या अशा वचनपालनावर आणि वापरणाऱ्याच्या दक्षतेवर, दोहोंवर सारखेच अवलंबून असते, असा या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या व्यवहाराचा निवाडा आहे.

ज्या कोणा वाचकाच्या माळ्यावर असे जुने इंजिन पडले असेल, त्याने ते थेट रुळावर ठेवून वीज देण्याची घाई करू नये. आधी उघडावे, पुसावे, एक थेंब तेल द्यावे, चाके बोटाने फिरवून पाहावी. आणि जो भाग बदलावा लागेल तो फेकून न देता, कोठून व केव्हा काढला याची चिठ्ठी लिहून त्याच पेटीत ठेवावा, म्हणजे पुढे ज्याच्या हाती ते इंजिन जाईल त्याला अडचण पडणार नाही.