दिनविशेष : ४ मे
भीमबेटकाच्या वाकणकरांची जयंती

पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर ऊर्फ हरिभाऊ वाकणकर यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. माळव्यात वाढलेला हा मराठी माणूस १९५७ मध्ये रेल्वेने जात असता भोपाळजवळच्या टेकड्यांवरील खडक पाहून थबकला आणि पुढे ते खडक धुंडाळायला गेला. त्यातून भीमबेटकाच्या शैलचित्रांचे भांडार जगापुढे आले. तिथल्या एका कातळावर शिंगे असलेले अजस्र रानडुक्कर चिमुकल्या माणसाच्या मागे लागलेले दिसते. शिकारीच्या जगण्यातली भीती इतक्या थेटपणे क्वचितच कुणी रंगवली असेल!

उत्तरकालीन चित्रांत गुरे येतात, घोडेस्वार येतात. शिकारीकडून पशुपालन-शेतीकडे झालेला हा बदल वाकणकरांनी जमिनीखालीही शोधला. उज्जैनजवळचे कायथा हे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव १९६४ मध्ये त्यांनीच उजेडात आणले. एकाच अभ्यासकाने शिकाऱ्यांची चित्रे आणि शेतकऱ्यांची वस्ती दोन्ही शोधावीत, ही त्यांची खरी थोरवी. पुढे याच प्रदेशातल्या माळवा संस्कृतीचे शेतकरी महाराष्ट्रातही वसले. शिरूर तालुक्यातील इनामगावात इ.स.पू. १६०० च्या सुमारास ते सातू पिकवत होते.

वाकणकरांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा ठरले. भिवंडीकरांना तिथे जाणे जमेल तेव्हा जमो. चित्रांची परंपरा घराजवळ पाहायची, तर आपल्या तालुक्यातल्या वारली पाड्यांवर भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेला लग्नचौक मात्र आवर्जून पाहावा.