नाव न सांगणारा माणूस

दिवाळीच्या फराळाबरोबर खुनाची गोष्ट वाढतो आहे, याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांची आधीच क्षमा मागतो. रहस्यकथा ही उशीखाली दडवून वाचायची चीज, असा आपल्याकडे समज आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार मीही उशीखालीच वाचला. पण आज ज्याच्याविषयी सांगायचे, तो डॅशिएल हॅमेट गोष्टी रचण्यापूर्वी स्वतःच हेर होता.

त्याचा जन्म १८९४ चा, अमेरिकेतल्या मेरीलँडमधला. शाळा लहानपणीच सुटली. १९१५ साली तो बाल्टिमोरमध्ये पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत लागला. हेर म्हणजे भिंग घेऊन गालिच्यावरची राख तपासणारा गृहस्थ, ही आपली समजूत शेरलॉक होम्सने करून दिलेली. पिंकर्टनचा माणूस तासन् तास कोणाच्या तरी दाराकडे पाहत उभा राही. आणि मालकांनी पैसे मोजले की संपकरी कामगारांवरही पाळत ठेवी. १९१७ साली मोंटानातल्या ब्यूट या तांब्याच्या खाणींच्या गावी फ्रँक लिटल या कामगार पुढाऱ्याला काही बुरखेधाऱ्यांनी रात्री बिऱ्हाडातून ओढून नेले आणि फासावर लटकावले. या लिटलला मारण्यासाठी आपल्याला पाच हजार डॉलर देऊ केले होते, असे हॅमेट सांगत असे. लिलियन हेलमन या त्याच्या पुढल्या आयुष्यातल्या सोबतिणीने ते लिहून ठेवले आहे. चरित्रकार याविषयी साशंक आहेत. पण १९२९ ची ‘रेड हार्वेस्ट’ वाचावी! तीतला खाणमालक संप मोडायला गुंड आणतो, संप मोडतो, आणि गुंड मात्र गावातच ठाण मांडतात. हे निव्वळ कल्पनेतून आले असेल, असे मला वाटत नाही.

पहिल्या महायुद्धात तो लष्करात गेला आणि क्षय घेऊन बाहेर पडला. पाळतीचे काम झेपेना, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत लिहू लागला. ‘ब्लॅक मास्क’ हे हलक्या कागदावरचे स्वस्त मासिक त्याच्या कथा छापू लागले. तिथेच प्रथम आलेली ‘द माल्टीज फाल्कन’ १९३० साली पुस्तकरूपाने निघाली. १५३० साली पाचव्या चार्ल्सने माल्टा बेट सरदारांच्या एका धर्मसंघाला दिले, ते वर्षाला एक ससाणा एवढ्याच खंडणीवर. या खऱ्या इतिहासावर हॅमेटने रत्नजडित सोन्याच्या ससाण्याची कल्पना बसवली, आणि त्या पुतळ्यामागे माणसे एकमेकांचे जीव घेत धावत सुटली. अखेर हाती येतो तो शिशाचा!

त्यातला हेर सॅम स्पेड काही सोज्ज्वळ नव्हे. भागीदाराचे आणि त्याचे फारसे पटत नव्हते. भागीदाराच्या बायकोशी मात्र जरा जास्तच पटत होते. तरीही त्या भागीदाराचा खून करणारी स्त्री, जिच्यावर कदाचित त्याचे मन जडले आहे, तिला तो पोलिसांच्या हवाली करतो. भागीदार मारला गेला तर माणसाने स्वस्थ बसायचे नसते, एवढेच त्याचे म्हणणे.

१९३४ च्या ‘द थिन मॅन’नंतर हॅमेटने एकही कादंबरी पुरी केली नाही. तो डाव्यांच्या चळवळीत शिरला. अटक झालेल्यांना जामीन देणाऱ्या एका निधीचा तो विश्वस्त होता. त्या जामिनावर सुटलेले चार कम्युनिस्ट पुढारी फरारी झाले, तेव्हा १९५१ च्या जुलैत न्यायालयाने त्याला विचारले : या निधीला पैसे कोणी दिले? त्याने उत्तर नाकारले. सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतले सुमारे पाच त्याने भोगले. तुरुंगात संडास धुतले. एकेकाळी नावे हुडकण्याचाच पगार घेणारा हा माणूस! हेलमन तर म्हणते की देणगीदारांपैकी एकाचेही नाव त्याला ठाऊक नव्हते. मग तसे सांगून मोकळे का नाही व्हायचे? ‘मला माहीत नाही’ म्हणणे म्हणजे विचारणाऱ्याचा हक्क मान्य करणे, असे त्याला वाटले असावे.

मी शाळामास्तर. वर्गात काच फुटली की “नाव सांगा” म्हणून दरडावणे हा आमचा जन्मसिद्ध हक्क. एकदा एक मुलगा बोलेना, म्हणून त्याला मी तासभर बाकावर उभा केला. काच त्याने फोडली नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होते.

तुरुंगातून आल्यावर प्राप्तिकराच्या थकबाकीपोटी हॅमेटची मिळकत सरकारने अडकवून ठेवली. १० जानेवारी १९६१ रोजी तो वारला. दुसऱ्या महायुद्धातही अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो साधा शिपाई म्हणून भरती झाला होता. त्याच हक्काने त्याला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळाली.